फोडणीतला हिंग तपासा

मालटोडेक्स्ट्रिन, झँथन गम, सायट्रिक ॲसिड, अजिनोमोटो... पाकिटावर अशी नावं दिसली की सीलिॲकच्या, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन न चालणाऱ्या, रुग्णाच्या घरचे धास्तावतात. ग्लुटेनपुरतं म्हणाल, तर यांची धास्ती नको. मालटोडेक्स्ट्रिन गव्हापासून केलं तरी प्रक्रियेनंतर त्यात ग्लुटेन नगण्य उरतं.

नजर हवी ती हिंगाच्या डबीवर. आमटीत चिमूटभर पडणारा कंपाउंडेड हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि पीठ. हे पीठ बहुतेकदा मैदा किंवा कणीक असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तोच आणा. पौष्टिक पेयांच्या पावडरीतला माल्ट बहुधा बार्लीचा, तोही वर्ज्य. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतोच.

भारतीय नियमानुसार ‘ग्लुटेन फ्री’ पदार्थात ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.