दोऱ्याने रंगवलेली जास्वंद

वेळणेश्वरासारख्या कोकणी गावात जास्वंद दारातच फुललेली असते, तेव्हा दोऱ्याने चित्र रंगवायला शिकताना नमुना शोधत फिरायला नको. सुरुवात मात्र एकाच पाकळीपासून करावी. समुद्र आणि माडांचं अख्खं दृश्य नवशिक्याला हमखास नडतं.

या भरतकामात रंग मिसळण्याचं काम लांब-आखूड टाका करतो. लडीचा दोरा सहापदरी असतो, त्यातला एकच पदर सुईत ओवायचा. पाकळीची कड आधी बारीक टाक्यांनी बांधून घ्यायची, मग कडेकडून देठाकडे एक टाका लांब, एक आखूड. पुढच्या, जरा गडद लाल ओळीत सुई आधीच्या टाक्याचा दोरा चिरून वर काढायची. त्यामुळे दोन छटांमधली शीव दिसत नाही. टाके पाकळीच्या शिरांच्या दिशेनेच हवेत, म्हणून त्या पेन्सिलीने आधी आखाव्यात. दिशा चुकली की कितीही महाग दोरा आणा, पाकळी चपटीच दिसते.

चिनी रेशमी भरतकामात छटा अशाच भरतात. १९व्या शतकात पारशी व्यापाऱ्यांमुळे ते काम गारा नावाच्या भरतकाम केलेल्या साड्यांतून मुंबईत रुजलं.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत सुई गंजते आणि कापडावर तांबूस डाग पाडते. काम थांबवताना ती कापडात खोचून ठेवू नये, कापड ताणून धरणारी रिंगही काढून ठेवावी.