भूगर्भीय वायुनलिका : गढ्याच्या घरांना कितपत उपयुक्त?

मे महिन्यात जबलपूरचे दुपारचे कमाल तापमान सरासरीने ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर जानेवारीच्या पहाटे पारा ९-१० अंशांपर्यंत उतरतो. गोंड राजांची जुनी राजधानी असलेले, मराठी इतिहासलेखनात गढामंडळ या जोडनावाने परिचित झालेले गढा आज याच शहराचा एक भाग आहे. जाड मातीच्या भिंती आणि कौले यांची जागा पातळ विटांच्या भिंती व सपाट काँक्रीटच्या छतांनी घेतल्यापासून तेथील घरे दिवसभर तापतात आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडतात. रात्रीही शरीराला गारवा मिळाला नाही, तर वृद्ध, लहान मुले आणि दिवसभर शेतात राबणारी माणसे यांना उष्माघाताचा धोका वाढतो. वातानुकूलन यंत्राचा वीजखर्च सर्वांना झेपणारा नाही. त्यामुळे जमिनीखालून नळ्यांद्वारे हवा खेळवून घर थंड किंवा उबदार ठेवण्याच्या पद्धतीचा विचार होणे स्वाभाविक आहे. मात्र चर खणण्यापूर्वी तिची मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे.

या पद्धतीमागील तत्त्व आपल्या पूर्वजांना अनुभवाने ठाऊक होते. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद दीर्घकाळ टिकत असे. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीत तर विहिरीच्या पोटातच महाल बांधलेला आहे. माती ही उष्णतेची मंदवाहक आहे. दिवस-रात्रीचा तापमानातील फरक साधारण अर्ध्या मीटरच्या खाली जाणवेनासा होतो. ऋतूंचा फरक अधिक खोल जातो, परंतु तोही क्षीण होत जातो. मातीच्या सर्वसाधारण गुणधर्मांवरून गणित केल्यास, पृष्ठभागावरील वार्षिक चढउताराचा ३ मीटर खोलीवर सुमारे चौथा हिस्सा आणि ४ मीटरवर सुमारे सहावा हिस्सा उरतो. शिवाय उन्हाळ्याची उष्णता त्या खोलीपर्यंत पोहोचण्यास अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे वर वैशाख तापलेला असताना खालच्या मातीने हिवाळ्याचा गारवा अद्याप पुरता सोडलेला नसतो. हा विलंब आपल्या पथ्यावर पडणारा आहे.

या गारव्याचे प्रत्यक्ष मोजमाप आपल्या देशात झालेले आहे. अहमदाबाद येथे गिरजा शरण आणि रत्नदीप जाधव यांनी ५० मीटर लांबीची, १० सेंटिमीटर व्यासाची पोलादी नळी ३ मीटर खोल पुरून तीतून ४०० वॉटच्या पंख्याने हवा सोडली. या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मे महिन्यात त्या खोलीवरील मातीचे तापमान २६.६ अंश होते आणि बाहेरची तप्त हवा नळीतून जाताना कमाल १४ अंशांनी थंड झाली. जानेवारीच्या रात्री जवळजवळ तितक्याच अंशांनी ती उबदार झाली. राजस्थानातील अजमेर येथे सुमारे साडेतेवीस मीटर लांबीच्या नळीवर झालेल्या अभ्यासात हवेच्या वेगानुसार ८ ते १२.७ अंशांची घट आढळली. नळी पोलादाची असो वा पीव्हीसीची, फरक नगण्य होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे, कारण पीव्हीसी नळी स्वस्त असते आणि गंजत नाही.

चौदा अंश हा आकडा मोहक आहे, परंतु त्यापुढचा हिशेब क्वचितच सांगितला जातो. अहमदाबादच्या नळीतील हवेचा वेग सेकंदाला ११ मीटर होता. म्हणजे तासाला सुमारे ३१० घनमीटर हवा. या हवेने वाहून आणलेला गारवा जेमतेम १.३ ते १.४ किलोवॉट भरतो. एक टनी वातानुकूलन यंत्राची क्षमता ३.५ किलोवॉट असते. म्हणजे पन्नास मीटरची एक नळी मध्यम आकाराची एक खोली सुसह्य करू शकते, संपूर्ण घर नव्हे. तेवढ्यासाठी ३ मीटर खोल आणि ०.६ मीटर रुंद चर खणायचा, तर ९० घनमीटर माती उपसावी लागते.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत साधा वाळ्याचा कूलर हेच काम फार कमी खर्चात करतो, हे मान्य करावयास हवे. तो तासाला आठ-दहा लिटर पाणी मात्र पितो, आणि हिवाळ्यात त्याचा उपयोग नाही. जेथे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आहे, जेथे हिवाळ्यातही ऊब हवी आहे, किंवा जेथे नव्या घरासाठी खोदकाम यंत्र दारात उभेच आहे, तेथे वायुनलिकेचा विचार सार्थ ठरतो. रोपवाटिकेच्या हरितगृहासाठी तर ती अधिक उपयुक्त आहे. कच्छमधील कोठारा येथील हरितगृहात हिवाळ्याच्या रात्री याच पद्धतीने तापमान ९ अंशांवरून २२-२३ अंशांपर्यंत अर्ध्या तासात नेता आले.

खरी अडचण पावसाळ्यात येते. आषाढात बाहेरची हवा २८-३० अंशांची आणि बाष्पाने भारलेली असते. नळीत ती दोन-तीन अंशांनी थंड होते खरी, पण तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. घाम वाळत नाही, उकाडा कायम राहतो. नळीची भिंत दवबिंदूपेक्षा थंड असेल तर आत पाणी सुटते, आणि साचलेल्या पाण्यात बुरशी वाढून तिचा वास व बीजाणू घरात येतात. गुरुग्रामजवळील ग्वाल पहाडी येथे टेरी या संस्थेच्या संकुलात प्रत्येकी ७० मीटर लांबीची चार भुयारे ४ मीटर खोलीवर आहेत; तेथेही दमट ऋतूसाठी स्वतंत्र शीतन यंत्रणेची जोड द्यावी लागली. जबलपूरला वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या महिन्यांत झडप बंद करून छताचे पंखे वापरावेत, हेच शहाणपणाचे.

गढ्याची भूमीही एकसारखी नाही. मदनमहालाच्या टेकड्यांकडे ग्रॅनाइट पृष्ठभागावरच डोके काढून आहे. तेथे ३ मीटर चर खणणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे ठरेल. ग्रॅनाइटच्या प्रदेशात जमिनीतून रेडॉन वायू झिरपण्याची शक्यता असल्याने सांधे हवाबंद हवेत, आणि पंखा हवा घेण्याच्या तोंडाशी बसवावा, म्हणजे नळीत दाब राहून जमिनीतील वायू आत ओढला जाणार नाही. याउलट हवेली भागातील काळी चिकण जमीन खणण्यास सोपी आणि ओल धरणारी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा उष्णता अधिक वाहून नेते, ही जमेची बाजू. पण ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून चर पायापासून दूर ठेवावा आणि नळीभोवती वाळू किंवा बारीक मुरूम घट्ट दाबून भरावा. संग्रामसागरासारख्या तलावांच्या काठी भूजल वर येते. २००५ च्या महापुरात हरिपूरची अनेक पेवे निकामी झाली, हे येथे विसरू नये. ज्या विहिरीत भाद्रपदात पाणी ३-४ मीटरवर दिसते, तिच्या शेजारी ही नळी पुरू नये.

बांधणीत निचऱ्याला सर्वाधिक महत्त्व द्यावे. नळीला सलग उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या टोकाला पाणी उपसता येईल असा झाकणबंद खड्डा ठेवावा. हवा घेण्याचे तोंड जमिनीपासून एक-दीड मीटर उंच, सावलीत, गोठा व उकिरडा यांपासून दूर असावे. त्यावर बारीक जाळी हवी, अन्यथा उंदीर आणि पाली प्रथम वस्तीला येतात. घरातील गरम हवा बाहेर पडण्यासाठी छतालगत झरोका ठेवावा. पंखा दिवसभर अखंड चालविल्यास नळीभोवतीची माती तापून गारवा घटतो, म्हणून दुपारचे कडक तास निवडावेत आणि नंतर मातीला विसावा द्यावा. खोदकामाविषयी एक इशारा आवश्यक आहे : दीड मीटरपेक्षा खोल चरात बाजूंना आधार दिल्याशिवाय मजुरांना उतरवू नये. काळ्या मातीची भिंत पूर्वसूचना न देता ढासळते.

निर्णय घेण्यापूर्वी एक स्वस्त चाचणी करता येते. अंगणात सावलीच्या जागी ३ मीटर खोल भोक पाडून त्यात तळ बंद केलेली अरुंद नळी उभी पुरावी. दोरीला बांधलेला तापमापक तळाशी रात्रभर ठेवावा, तोंड चिंध्यांनी बंद करावे आणि सकाळी वर काढताच वाचावा. तापमापकाचा फुगा मेणात बुडवून घेतल्यास वर काढताना आकडा लगेच बदलत नाही. पंधरवड्यातून एकदा याप्रमाणे जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत नोंदी ठेवल्यास, आपल्या अंगणाखाली मे महिन्यात नेमका किती गारवा आहे आणि पावसाळ्यात तेथे पाणी चढते की नाही, या दोन्ही गोष्टी चर खणण्याआधीच कळतात.