मोरीतलं पाणी जातं कुठे?

मैत्रिणींनो, नळाला पाणी कधी येणार हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण तेच पाणी मोरीतून, संडासातून बाहेर पडल्यावर कुठे जातं?

परवा भिशीत मी हाच प्रश्न टाकला. "गटारात!" एवढंच उत्तर आलं. संडासाची टाकी शेवटची कधी उपसली, यावर तर सगळ्या गप्प. एक काकू म्हणाल्या, "अगं, भरली की वास सुटतोच ना, तेव्हा कळतं."

खरी गोम इथेच आहे. टाकी तुंबेपर्यंत थांबायचं नसतं, दर दोन-तीन वर्षांनी ती उपसायची असते. तळाशी गाळ साचत गेला की पाण्याला निवळायला जागाच उरत नाही. मग घाण तशीच गटारात, नाहीतर जमिनीत. दुष्काळी भागात आपण बोअर आणि आडाच्या भरवशावर! लेकराला वरचेवर जुलाब झाले की आपण बाहेरच्या खाण्याला दोष देतो, अंगणातल्या टाकीकडे मात्र लक्षच जात नाही.

नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर हे पर्जन्यछायेतलं गाव. तिथल्या आणि वाईच्या नगरपरिषदेने वेगळी वाट धरली. तक्रारीची वाट न बघता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीने उपसायची. वाईत हे २०१८ मध्ये सुरू झालं. खर्चाचा भार एकदम पडू नये म्हणून तो करातून भागवायचा. गाडीतला मैला ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रावर न्यायचा, तिथे गाळ आणि पाणी वेगळं करायचं.

यात पाण्याचाही हिशेब आहे बरं का. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी, हे सरकारी माप. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. आपल्याला निम्मंच मिळालं, तरी पाच माणसांच्या घरातून रोज २७० लिटर वाहून जातं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. नीट शुद्ध केलेलं सांडपाणी बागांना, झाडांना, बांधकामाला दिलं, तर तेवढं पिण्याचं पाणी वाचेल.

आणि एक कळकळीचं सांगणं. टाकी साफ करायला माणूस आत उतरवू नका. आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो, आणि २०१३ च्या कायद्याने हा गुन्हाही आहे. गाडीच बोलवा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, कुणाच्या घरचा कर्ता जायला नको.

आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेला एवढंच विचारा, "ताई, आपल्या गावची मैल्याची गाडी रिकामी कुठे होते?" उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. नळासाठी मोर्चा काढतो ना आपण, मग गटारासाठी का नाही?