बातमीतील स्त्री

चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी या मार्गाने आलापल्लीच्या अरण्याकडे जो रस्ता जातो, त्यावर गोंडपिपरी हे तालुक्याचे गाव आहे. सभोवार साग, बांबू आणि मोहाची झाडी. अशा गावीही वृत्तपत्र पोचते, चार माणसांत मोठ्याने वाचले जाते, आणि त्यात अधूनमधून एका ठरीव नमुन्याची बातमी असते. अमुक ठिकाणी एका मुलीवर अत्याचार झाला, इतके कळते. मुलीचे नाव मात्र दिलेले नसते. वाचणारा पुढच्या बातमीकडे वळू लागतो, तोच ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारते, “कोणाची हो पोर?” मग तर्क सुरू होतात.

नाव का छापीत नाहीत, हा प्रश्न वरवर साधा आहे. परंतु त्याच्या उत्तराचा माग काढीत गेले असता तो मुंबईस किंवा दिल्लीस न थांबता याच अरण्यप्रदेशातील एका पोलीस ठाण्याच्या दाराशी येऊन पोचतो.

आज गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा आहे. तो चंद्रपूरपासून निराळा झाला १९८२ साली. तत्पूर्वी वैनगंगेकाठचे देसाईगंज, ज्यास वडसा असेही म्हणतात, चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. तेथील ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीस जबानीकरिता आणण्यात आले. ती पोरकी होती, मोलमजुरी करून भावाजवळ राहत होती, आणि तिचे वय डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा वर्षांचे होते. जबानी आटोपल्यावर बरोबरच्या मंडळींस बाहेर जावयास सांगण्यात आले आणि तिला मागे ठेवून घेण्यात आले. बाहेर येताच तिने जे सांगितले, त्यावरून दोघा पोलिसांवर खटला उभा राहिला.

या खटल्याची तीन न्यायालयांत तीन प्रकारे वाट लागली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांस निर्दोष सोडले. मुलीच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवून तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याचे त्याने नाकारले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला आणि दोघांस शिक्षा दिली. भीतीने गप्प राहून शरण जाणे आणि मनापासून संमती देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या निकालाचा गाभा होय. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाही निकाल रद्द केला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, तेव्हा तिचा विरोध होता असे म्हणता येत नाही, अशी तेथील विचारसरणी होती.

या विचारसरणीतील दोष ध्यानी येण्यास कायद्याचे शिक्षण नको. रात्री घरात दरोडेखोर शिरले आणि घरधन्याने मुकाट्याने तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्यापुढे टाकल्या, तर त्याने आपले धन दान केले असे कोणी म्हणत नाही. त्याच्या अंगावर ओरखडा नाही म्हणून चोरी झालीच नाही, असेही कोणी म्हणत नाही. मग ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीपुढे, रात्रीच्या वेळी एकट्या सापडलेल्या मजूर पोरीने मात्र जखमा दाखवाव्यात, ही अपेक्षा कोठून आली? ती स्त्रीविषयीच्या एका जुन्या समजुतीतून आली. धनाचा मालक प्रामाणिक आहे असे समाज आरंभीच गृहीत धरतो. स्त्रीस मात्र आपला प्रामाणिकपणा प्रथम सिद्ध करून दाखवावा लागतो.

निकाल लागला आणि कायद्याच्या ग्रंथांत छापून आला. पुढचे सुमारे वर्षभर त्याचा फारसा गवगवा झाला नाही. नंतर सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उद्देशून एक खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही ती चार नावे. संमती आणि शरणागती यांतील भेद या पत्राने पुन्हा मांडला, आणि गरीब, निरक्षर, आदिवासी मुलीच्या बाबतीत न्यायाचे माप का बदलावे, असा सरळ प्रश्न केला. पत्र वृत्तपत्रांपर्यंत पोचले, तेव्हा कोठे देशास जाग आली. मुंबईत १९८० साली बलात्काराविरुद्ध स्त्रियांचा मंच उभा राहिला, आणि त्याच वर्षी ८ मार्चला, महिलादिनी, अनेक शहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या.

निकाल बदलला नाही. कायदा मात्र बदलला. १९८३ साली दंडसंहितेत आणि पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ती त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून अमलात आली. पोलिसाने किंवा अन्य सत्ताधाऱ्याने आपल्या ताब्यातील स्त्रीवर बलात्कार केल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरविण्यात आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, असा नियम झाला. आणि अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख पटेल असे काहीही छापणे हा गुन्हा ठरला.

पुढे २००२ च्या दुरुस्तीने तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष पाडण्याची वाट बंद केली. स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती मानू नये, हे २०१३ साली कायद्यात स्वच्छ शब्दांत लिहिले गेले. नावाप्रमाणेच गाव, शाळा, नातलग अशा आडवाटेनेही ओळख उघड होता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागी नव्या आल्या. त्यांतही हे संरक्षण कायम आहे.

यात एक विपरीत गोष्ट आहे. ज्या मुलीपायी हा सारा कायदा झाला, तिचे स्वतःचे नाव कायदा होण्यापूर्वीच सर्वतोमुखी झाले होते. निकालपत्रात, वृत्तपत्रांत, भाषणांत, पुढे विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांतही ते छापले गेले. इतर लेकींच्या नावांवर तिच्यामुळे पदर आला. तिच्या नावावर मात्र तो कोणी घातला नाही. म्हणूनच प्रस्तुत लेखात ते नाव दिलेले नाही.

तथापि नाव गाळले म्हणजे वृत्तपत्राचे कर्तव्य संपले असे नव्हे. बातमीची भाषाही तपासून पाहावी लागते. ‘अब्रू लुटली’ हा शब्दप्रयोग कित्येक वर्षे मराठी वृत्तपत्रांतून रूढ होता, आणि बोलण्यात तो अजूनही ऐकू येतो. ज्याची वस्तू लुटली जाते तो त्या वस्तूस मुकतो, असा ‘लुटणे’ या क्रियापदाचा अर्थ आहे. म्हणजे दुष्कृत्य एकाने करावे आणि अब्रू दुसरीची जावी! वस्तुतः अब्रू जावयाचीच असेल तर ती दुष्कृत्य करणाराची जावयास हवी. ‘अतिप्रसंग’ हा शब्द असाच. त्यात कोणी काही केले असे दिसतच नाही. जणू अवकाळी पावसाप्रमाणे एक प्रसंग आपोआप ओढवला. त्यामानाने ‘बलात्कार’ हा शब्द कानास कठोर असला तरी प्रामाणिक आहे, कारण बळ वापरले गेले हे तो लपवीत नाही.

‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा तर कोणत्याही वाचकाच्या परिचयाचा आहे. यात शोधूनही कर्ता सापडत नाही. खून कोणी केला, संशय कोणी घेतला, याचा पत्ता नाही. आणि ‘चारित्र्य’ हा शब्द मात्र मेलेल्या स्त्रीच्या नावाशी कायमचा जोडला जातो. ‘पतीने संशय घेऊन पत्नीस ठार मारले’ असे लिहिल्याने जागा काही अधिक लागत नाही. केवळ व्याकरण सरळ होते, आणि व्याकरणाबरोबर न्यायही.

हा विचार परदेशातून उसना आणलेला आहे असे कोणी समजू नये. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा लहानसा ग्रंथ पुण्यास छापविला. त्यास निमित्त घडले ते सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्याचे. तिने आपले नवजात अर्भक मारले म्हणून तिला १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, आणि पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर अनीतीचे आरोप होऊ लागले. पुण्याचे ‘पुणेवैभव’ त्यात होते. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, आणि विधवेस पुनर्विवाहाची बंदी घालून तिला फशी पाडणारा पुरुष मोकळा कसा सुटतो, असा ताराबाईंचा सवाल होता. जोतिराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर तो ग्रंथ विस्मरणात गेला, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा महाराष्ट्रास त्याची नव्याने ओळख झाली. एका सामान्य वाचक स्त्रीने वृत्तपत्रातील मजकूर वाचून विचारलेला प्रश्न इतकी वर्षे अनुत्तरित राहावा, हे त्या प्रश्नाचे दैव नव्हे. तो समाजाचा आळस होय.

आणि या जिल्ह्यांतील स्त्री बातमीत केवळ सोसणारी म्हणूनच येते, असेही नाही. २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया दारूबंदीची मागणी घेऊन चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. त्या निर्णयांविषयी मतभेद असू शकतील. परंतु ‘स्त्रियांनी मागणी केली’ या वाक्यात कर्ता कोण, याविषयी मतभेद होऊ शकत नाही.

कायदा छापखान्यास लागू होतो. ओसरीवरच्या बोलण्यास कोणी पोलीस येऊन अटकाव करीत नाही. तेथील शिस्त घरातल्या वडील मंडळींनीच राखावयाची असते. मुले ऐकत असतात. कोणाच्या नावाची चर्चा होते आणि कोणाच्या कृत्याची होत नाही, हे ती न शिकविता शिकतात. यापुढे वृत्तपत्र वाचून झाल्यावर घरात कोणी “कोणाची पोर?” असे विचारले, तर त्या प्रश्नावर तर्क लढवू नयेत; “केले कोणी?” एवढेच उलट विचारावे.