डाळिंबाचा काटा आणि पेशीतला लगाम

माढ्याच्या डाळिंबबागेत छाटणी करताना काटा रुततो; काही तासांत बोट लाल होते, सुजते, ठणकते. या दाहामागचे एक मुख्य प्रथिन म्हणजे एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधले.

एरवी आय-कप्पा-बी हे दुसरे प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरते. जंतूंची चाहूल लागताच आयकेके हे विकर आय-कप्पा-बीवर फॉस्फेट चढवते आणि पेशी ते मोडून टाकते. मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते, दाहाची जनुके चालू करते.

खरे कौतुक पुढेच आहे. त्याच जनुकांत आय-कप्पा-बीचेही जनुक असते! नवे आय-कप्पा-बी तयार होऊन एनएफ-कप्पा-बीला बाहेर ओढून आणते. आमवातासारख्या आजारात हा लगाम पुरा पडत नाही.

हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये आयकेकेला रोखते. खाल्लेल्या हळदीतून मात्र ते रक्तात फारच थोडे उतरते.