खिसे मोजू नका, आसन बघा

शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असली की जिंतूर-सेलूकडचा शेतकरी मध्यरात्री घर सोडतो. एका खिशात मोबाईल, दुसऱ्यात टेस्टर आणि पाना, हातात बॅटरी, खांद्यावर फावडं. बांधाला गुडघाभर गवत, पुढे ओले वाफे, मध्येच रानडुकरांसाठी लावलेली तार ओलांडायची. याच वाटेनं पूर्वी धोतर वर खोचून माणसं जायची. आता तिशीच्या आतला पोरगा बहुधा कार्गो पॅन्टीत दिसतो, आणि त्यात फॅशनपेक्षा सोयच जास्त आहे. मांडीवरच्या खिशातला पाना वाकल्यावर पडत नाही, मोबाईल पाण्यापासून वीतभर वर राहतो.

तरीही एका हंगामात ही पॅन्ट उसवते आणि मग दोष मातीला, काट्यांना किंवा धुणाऱ्या बाईला दिला जातो. दिवाळीच्या खरेदीत दुकानातल्या पुतळ्याला आठ-आठ खिशांची पॅन्ट घातलेली असते. गिऱ्हाईक खिसे बघून थांबतं, आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं.

मांडीवरचा खिसा सैन्यातून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सैनिकांच्या जाड लोकरी पॅन्टीवर नकाशा ठेवायला मोठा खिसा शिवला गेला. १९४२ मध्ये अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या पोशाखाला मोठे फुगीर खिसे आले, कारण विमानातून उडी मारणाऱ्याला लागणारं सगळं अंगावरच न्यावं लागायचं. ‘टॅक्टिकल’ म्हणून आज विकल्या जाणाऱ्या पॅन्टीचं मूळ मात्र डोंगरात आहे. रॉयल रॉबिन्स हा अमेरिकी गिर्यारोहक. योसेमिटीतल्या हाफ डोमच्या वायव्य भिंतीवर १९५७ मध्ये पहिली चढाई करणाऱ्या तिघांतला तो एक. त्याच्या कंपनीनं चढाईसाठी एक दणकट पॅन्ट काढली आणि तिला ५.११ हे नाव दिलं. कड्याची अवघडता मोजण्याच्या तिकडच्या श्रेणीतला तो आकडा. पुढे एफबीआयच्या प्रशिक्षणार्थींनी ती उचलली आणि पोलिसी पॅन्ट म्हणून ती जगभर गेली. म्हणजे पोलिसांनी निवडली ती कडा चढणाऱ्याची पॅन्ट, आणि कडा चढणाऱ्याला खिशाहून महत्त्वाचं असतं पाय छातीपर्यंत उचलता येणं.

इथं आसनाचा प्रश्न येतो. साध्या पॅन्टीत पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या अशा चार पट्ट्यांच्या शिवणी दोन्ही पायांच्या मध्ये एकाच टिंबाशी भेटतात. उकिडवं बसलं, मोटारसायकलवर टांग टाकली, बैलगाडीच्या चाकावर पाय ठेवून वर चढलं, की सगळा ताण त्या टिंबावर. कापड कितीही चांगलं असो, तिथला दोरा तुटतो. यावरचा उपाय आपल्या शिंप्यांना फार जुना ठाऊक आहे. सलवारीला मियानी लावतात ना, तोच चौकोनी तुकडा. तो मध्ये बसवला की चार शिवणी एका जागी न भेटता चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत भेटतात, ताण वाटला जातो आणि मांडी उघडायला जागाही मिळते. चांगल्या ट्रेकिंग पॅन्टी उलट्या करून पाहा, हा तुकडा दिसेल. स्वस्त कार्गोत तो जवळजवळ कधीच नसतो, कारण त्याला कापड आणि वेळ लागतो आणि तो पुतळ्यावर दिसत नाही.

दुसरी गोष्ट आसनाच्या उंचीची. कंबरेच्या खाली अडकणारी पॅन्ट खुरपायला बसल्यावर मागून उघडी पडते आणि पुढून पोटात रुतते. खुरपणी, हळदीची काढणी, भाजीचे वाफे ही सगळी आपली कामं बसून होतात. म्हणून बेंबीच्या जरा खाली, हाडावर टेकणारी पॅन्ट घ्यावी. दुकानातल्या छोट्या खोलीत आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. तिथं पूर्ण उकिडवं बसावं, मग एक पाय स्टुलावर ठेवून गुडघा पुढं ढकलावा. गुडघ्यावर कापड ताणून मांडीला आवळलं तर ती पॅन्ट परत द्यावी. विक्रेता ‘घातल्यावर सैल होईल’ म्हणतो, आणि होतेही, पण कंबरेला. मांडी तशीच राहते.

आता कापड. परभणी जिल्ह्यानं याबाबतीत कुणाकडून शिकावं असं फार नाही. निजामाच्या काळात नांदेड-परभणीचा गावरानी कापूस नावाजलेला होता. मानवत आणि सेलूचा कापूस बाजार आजही भाव ठरवणाऱ्यांत आहे. परभणीच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्रानं पीए २५५ म्हणजे परभणी तुराब, पीए ४०२ म्हणजे विनायक असे लांब धाग्याचे देशी वाण दिले. देशी कापूस आखूड धाग्याचा, ही जुनी तक्रार होती. धागा लांब असला की सुतात तो जास्त वेढे घेतो, टोकं कमी बाहेर येतात, सूत बारीक असूनही मजबूत राहतं आणि कापडावर गोळे धरत नाहीत. आपल्या जिनिंगमधून १७० किलोच्या गाठी बाहेरगावच्या गिरण्यांकडे जातात आणि पॅन्ट होऊन परत येतात. मध्ये काय होतं ते मात्र आपण विचारत नाही.

विचारायचं ते असं. वजन किती? कापडाचं वजन चौरस मीटरला किती ग्रॅम यावर सांगतात. चांगली जीन्स चारशे ग्रॅमच्या आसपास असते. मे महिन्यात पारा ४३-४४ च्या पुढे जातो तेव्हा ती अंगावर नको होते, आणि पावसात भिजली तर दोन दिवस वाळत नाही. शंभर-सव्वाशे ग्रॅमचं चुळचुळीत पॉलिस्टर ट्रॅकसूटला ठीक, बोरी-बाभळीत नाही. आपल्याकडच्या कामाला दोनशे ते अडीचशे ग्रॅम पुरतं.

सूत कशाचं? कापूस हवेतली आर्द्रता आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून कापूस घाम टिपतो, पण वाळायला वेळ घेतो. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण घाम अंगावरच राहतो. मिश्रणच बरं. भारतीय लष्करानं १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनी जो नवा लढाऊ गणवेश दाखवला, त्याचं कापड ७० टक्के कापूस आणि ३० टक्के पॉलिस्टर आहे. बाजारात याच्या उलट, ६५ टक्के पॉलिस्टरचं कापड जास्त मिळतं, कारण ते स्वस्त आणि इस्त्री न मागणारं. पावसाळी ट्रेकला ते चालेल. उन्हात राबणाऱ्यानं कापूस जास्त असलेलं शोधावं, चार पैसे जास्त गेले तरी. दोन-तीन टक्के लवचीक धागा असला तर गुडघा मोकळा राहतो. त्याहून जास्त नको, उन्हात आणि गरम पाण्यात तो मरतो आणि पॅन्ट पिशवीसारखी लोंबते.

तिसरा प्रश्न विणीचा. ‘रिपस्टॉप’ हे कापड उजेडासमोर धरलं की बारीक चौकड्या दिसतात. काही मिलिमीटर अंतरानं उभ्या-आडव्या विणीत जाड धागा घातलेला असतो. हे तंत्र महायुद्धात पॅराशूटच्या नायलॉनसाठी वापरात आलं. भोक पडलं तरी फाटणं त्या जाड धाग्याशी थांबतं. पण भोक पडणं ते थांबवत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. बाभळीचा काटा आरपार जाणारच. कुसळाचं गणित निराळं. सैल आणि लोकरट विणीत कुसळ रुतून बसतं, घट्ट आणि गुळगुळीत तिरक्या विणीवरून ते सरकतं. नेमगिरीच्या डोंगरावर किंवा येलदरीच्या कडेनं नोव्हेंबरात फिरलेल्याला हा फरक पायमोज्यांवरून कळलेला असतो.

रंगाबद्दल थोडं. खाकी रंग सैन्यात आला १८४६ च्या सुमारास, पेशावरकडच्या गाईड्स पलटणीत, तिथली पिवळट धूळ लपवायला. आपल्या काळ्या मातीत खाकीवर प्रत्येक शिंतोडा उठून दिसतो. गडद राखाडी किंवा शेवाळी रंग इथं बरा. काळा रंग डाग लपवतो, पण ऊन पितो. आणि चिखल वाळल्याशिवाय घासू नये. ओली काळी माती ब्रशनं रगडली की तिचे बारीक कण धाग्यात शिरतात आणि कापड आतून झिजत जातं. वाळवून झटकावी, मग पाण्यात टाकावी. दगडावर आपटून धुण्यानं सर्वांत आधी जातात त्या झिपा आणि बटणं.

हुरड्याला जाणाऱ्यांनी पॉलिस्टर घरी ठेवावं. आगटीतली एक ठिणगी मांडीवर पडली की पॉलिस्टर वितळून भोक पडतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. सुती कापड जळतं, पण चिकटत नाही.

दोन बाबतींत पॅन्टीवर विसंबू नये. एक, साप. जाड पॅन्टीनं साप चावत नाही असा समज आहे. घोणशीचे दात लांब असतात, अडीचशे ग्रॅमचं कापड तिला अडवत नाही. रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट आणि बॅटरी, त्याला पर्याय नाही. दोन, फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कार्गोचे खिसे आणि दुमडलेल्या मोऱ्या औषधाचं पाणी साठवतात आणि ते दिवसभर मांडीला लागत राहतं. फवारणीला वरून संरक्षक कपडे घालावेत आणि आतली पॅन्ट घरच्या धुण्यात मिसळू नये.

बायकांच्या पॅन्टी हा तर वेगळाच अन्याय आहे. कापूस वेचणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालते, कारण तिच्यासाठी कुणी काही शिवलेलंच नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषिकन्या गावोगाव जातात, महिला पोलीस आणि वनरक्षक बंदोबस्तावर उभ्या राहतात. बाजारातल्या बायकांच्या कार्गोत मात्र खिसा बोटभर खोल, काही वेळा तर नुसती झाकण असलेली शिवण. पुरुषांची पॅन्ट घेतली तर कंबरेला सैल आणि मांडीला घट्ट बसते. मांडीच्या मापानं पॅन्ट घेऊन कंबर टेलरकडून कमी करून घेणं हाच सध्याचा मार्ग आहे.

छापील पट्ट्यांच्या ‘मिलिटरी’ पॅन्टीची पोरांना हौस असते, विशेषतः भरतीची तयारी करणाऱ्यांना. लष्करानं आपल्या नव्या नक्षीची २०२२ मध्येच नोंदणी करून तिचा हक्क स्वतःकडे ठेवला आहे. सैनिक आहोत असं भासवण्यासाठी सैनिकाचा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. हेतू नव्हता हे चौकीत बसून पटवण्यापेक्षा साधा शेवाळी रंग सोपा.

राहता राहिला टेलर. सोलापूर गणवेशांचं मोठं केंद्र आहे आणि गणवेशाचं मजबूत कापड मीटरवर मिळतं. ५८ इंच पन्ह्याचं दीड मीटर कापड खिशांसकट एका पॅन्टीला पुरतं. टेलरला चार गोष्टी सांगाव्यात: आसनात मियानी, आतल्या शिवणीला दुहेरी टीप, खिशांच्या कोपऱ्यांना आणि बेल्टाच्या पट्ट्यांना बारटॅक म्हणजे दाट आडवी टीप, पितळी झिप. मांडीवरचे खिसे दोनच, पण गुडघ्याच्या चांगले वर. खिसा गुडघ्याजवळ आला की त्यातला मोबाईल प्रत्येक पावलाला आपटतो. झाकणाला बटण लावावं. चिकटपट्टीत कुसळ आणि माती भरली की ती महिन्याभरात धरेनाशी होते. गुडघ्याखालून सुटणाऱ्या झिपवाल्या पॅन्टीच्या नादी लागू नये. बसल्यावर झिप नेमकी मांडीत टोचते. मोरीला नाडी असलेली बरी, उसात आणि गवतात किडा-मुंगी वर चढत नाही.

आणि पहिल्याच दिवशी उरलेल्या कापडाचे दोन तुकडे मागून घ्यावेत. ते पॅन्टीबरोबर एकदा धुऊन ठेवावेत, म्हणजे नंतर आटत नाहीत. गुडघा विरळ दिसू लागला की फाटायची वाट न बघता तुकडा आतून लावावा, कडा विरळ भागाच्या बोटभर पलीकडे जाऊ द्याव्यात आणि वरून आडव्या-उभ्या टिपा माराव्यात.