दिवेलागणीचा एक श्लोक

नातवंडांना मी गीतेच्या आधी मनाचे श्लोक शिकवते. कारण साधं आहे, भुजंगप्रयात वृत्त. चरणात १२ अक्षरं आणि ठेका असा, की धाकटी घरभर चालत चालत म्हणते. रामदासांचे श्लोक २०५. सगळे पाठ व्हावेत असा हट्ट नाही. दिवा लावला की एक श्लोक मी म्हणायचा, मुलांनी मागून. पुस्तक हातात देत नाही. कानानं शिकलेलं टिकतं.

पसायदानाच्या ९ ओव्या मात्र अर्थासकट सांगते. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेवांनी मागणं मागितलं ते साऱ्या जगासाठी. दुष्टांचा नाश नको, त्यांचा दुष्टपणा तेवढा जावो. नातवानं विचारलं, "आजी, वर्गात चिमटे काढतो त्याच्यासाठीपण?" हो, म्हटलं. त्याला ते अजून पटलेलं नाही. मलाही घाई नाही.

'देव शिक्षा करेल' हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. (नियम सूनबाईंचा, मला पटला.) तुमच्याकडे लहान मूल असेल तर आज एकच श्लोक घ्या. आधी तुम्ही पाठ करा.